डॅशबोर्ड स्वस्त, माहिती महाग
सॉफ्टवेअर कंपनीत कामाची प्रक्रिया मोजणारे टूल घेताना खर्चाचा हिशेब कसा मांडावा

पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात वीस ते पन्नास माणसांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्यांना विक्रेत्यांचे फोन नेहमी येतात. "तुमची टीम किती वेगाने काम करते, काम कुठे अडते, पुढचा रिलीज वेळेवर जाईल की नाही, सगळे एका डॅशबोर्डवर दिसेल," असे ते सांगतात. डेमो झकास असतो. कोटेशन डॉलरमध्ये येते, दर माणशी आणि दर महिना असतो, आणि त्यातला आकडा लहान दिसतो.

तो आकडा एकूण खर्चाचा एक तुकडा असतो. उरलेले पैसे माहिती भरण्यात, ती स्वच्छ करण्यात आणि तिचा अर्थ लावण्यात जातात. हा खर्च कुठल्याच बिलावर येत नाही, म्हणून तो आधी मांडायला हवा.

आधी प्रश्न लिहा, मग टूल बघा

अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठातले व्हिक्टर बॅसिली यांनी मोजमापाची एक साधी शिस्त घालून दिली: आधी उद्दिष्ट, मग प्रश्न, मग आकडा. बहुतेक खरेदी याच्या उलट्या क्रमाने होते. टूल घेतले जाते, ते पन्नास आलेख दाखवते आणि मग त्यांचे काय करायचे याचा शोध सुरू होतो.

कोटेशन मागवण्याआधी एका कागदावर तीनच प्रश्न लिहा. ग्राहकाने कळवलेला बग दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात? रिलीजनंतर किती वेळा घाईने दुरुस्ती करावी लागते? तिकीट कोणत्या टप्प्यावर सर्वांत जास्त पडून राहते? प्रत्येक प्रश्नापुढे एक ओळ अशी हवी: "उत्तर वाईट आले तर आपण काय बदलू?" ही ओळ सुचत नसेल तर तो प्रश्न खोडा. ज्या आकड्यावरून काहीच ठरणार नाही, तो गोळा करण्यात पैसे घालू नका.

स्वतःचे प्रश्न सुचत नसतील तर 'डोरा' नावाने ओळखली जाणारी चार मोजमापे चांगली सुरुवात आहेत: रिलीज किती वेळा होतो, बदल लिहिल्यापासून ग्राहकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, किती रिलीज बिघडतात आणि बिघाड सावरायला किती वेळ जातो. निकोल फोर्सग्रेन, जेझ हम्बल आणि जीन किम यांच्या २०१८ सालच्या 'अ‍ॅक्सिलरेट' या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोचली. आज बाजारातली बहुतेक टूल्स हीच चार मोजमापे पुढे करून विकली जातात.

बाजारात काय मिळते

ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

*हाताशी असलेल्या टूलमधले अहवाल.* जिरा, गिटहब, गिटलॅब यांपैकी काहीतरी तुम्ही आधीच वापरत असता. त्यातले तयार अहवाल बहुतेकांनी उघडूनही पाहिलेले नसतात. पहिला महिना यांवरच काढा.

*मुक्तस्रोत टूल्स.* अपाची डेव्हलेक हे जिरा, गिटहब, गिटलॅब, जेनकिन्स यांतली माहिती एका ठिकाणी ओढून आणते आणि ग्राफानाच्या डॅशबोर्डवर दाखवते. परवान्याला पैसे नाहीत. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस मात्र तुमचा.

*सबस्क्रिप्शनची विश्लेषण टूल्स.* यांत जोडणी झटपट होते, दिसायला देखणी असतात, आणि आकार माणशी दरमहा.

*ज्ञानाधारित टूल्स.* ही केवळ आकडा दाखवून थांबत नाहीत. "रिव्ह्यूचा वेळ वाढला, कारण बदल फार मोठे येत आहेत, ते छोटे करा," असे निदान आणि उपायही सुचवतात. आतमध्ये नियमांचा साठा असतो, जुन्या प्रकल्पांचा अनुभव असतो किंवा अलीकडे एआय मॉडेल असते. भाव सर्वांत चढा इथेच असतो, म्हणून याकडे जरा थांबून पाहू.

'ज्ञान' कोणाचे, हे विचारा

मोजमापाला अनुभवाची जोड देण्याची कल्पना जुनी आहे. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९७६ साली सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग लॅबोरेटरी सुरू झाली. मेरीलँड विद्यापीठ आणि कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन ही कंपनी तिचे भागीदार होते. प्रकल्पांतून आकडे घ्यायचे, एका वेगळ्या गटाने त्यांतून शिकवण काढायची आणि ती पुढच्या प्रकल्पाला वापरता येईल अशा रूपात परत द्यायची, ही तिथली रीत. तिला 'अनुभवाचा कारखाना' म्हटले गेले. खरेदीदाराने यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्ञान त्याच संस्थेतून आलेले होते आणि त्याच संस्थेत वापरले जात होते.

आता पुण्यातली एखादी टीम घ्या. गणपतीत रिलीज कमी होतात. दिवाळीच्या आठवड्यात तिकिटे हलत नाहीत. ग्राहक अमेरिकेतला किरकोळ विक्रीवाला असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो नवा कोड चढवूच देत नाही. ग्राहक इथली सहकारी बँक असेल तर मार्चअखेरीस चाचणीला तिचा माणूस मिळत नाही. परदेशात बनलेले टूल या सगळ्याला 'कामगिरी घसरली' म्हणेल. टीममधल्या कोणालाही खरे कारण अर्ध्या मिनिटात सांगता येईल. हे कारण टूलमध्ये नोंदवता येत नसेल तर त्या 'ज्ञाना'साठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. नियम कुठून आले: किती आणि कोणत्या प्रकारच्या प्रकल्पांतून? आमचे नियम आणि अपवाद आम्हाला घालता येतात का? प्रत्येक निदानामागची तिकिटे, तारखा आणि बदल उघडून पाहता येतात का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर ते निदान म्हणजे नाडी न बघता दिलेले औषध. एआयची सुविधा माणशी दरात धरली आहे की वापरावर वेगळी मोजली जाते, हेही त्याच वेळी लेखी घ्या.

बऱ्याच लहान कंपन्यांना स्वतःची नियमवही पुरते. शेअर केलेल्या एका शीटमध्ये चार रकाने करा: काय दिसले, कारण काय निघाले, काय केले, फरक पडला का. वर्षभरात यात वीस-पंचवीस नोंदी जमल्या तर कुठल्याही तयार टूलपेक्षा त्या तुमच्या जास्त कामाच्या. पुढे टूल घेतलेच, तर हीच वही त्यात चढवता येते.

चाळीस माणसांचा हिशेब

एक नमुना मांडू. आकडे तुमच्याकडे वेगळे असतील, पद्धत हीच ठेवा. चाळीस माणसांची कंपनी आहे. एका माणसाचा कंपनीला पडणारा सरासरी खर्च वर्षाला १२ लाख रुपये आहे. वर्षाचे २५० दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले तर २,००० तास होतात, म्हणजे एका तासाची किंमत ६०० रुपये. डॉलर ९० रुपये धरू.

पहिला मार्ग, एक्सेल आणि हाताशी असलेली टूल्स:
– जुनी माहिती स्वच्छ करणे, ४० तास: २४,००० रुपये
– एका माणसाने आठवड्याला चार तास आकडे वाचणे, वर्षाचे २०८ तास: १,२४,८०० रुपये
– परवाना: शून्य
– एकूण: १,४८,८०० रुपये

दुसरा मार्ग, मुक्तस्रोत टूल:
– उभारणी, ६० तास: ३६,००० रुपये
– सर्व्हर, दरमहा ५,००० धरून: ६०,००० रुपये
– देखभाल, महिन्याला चार तास: २८,८०० रुपये
– माहितीची सफाई आणि वाचन, वरीलप्रमाणे: १,४८,८०० रुपये
– एकूण: २,७३,६०० रुपये

तिसरा मार्ग, सबस्क्रिप्शन (कोटेशन माणशी दरमहा २० डॉलरचे आले असे समजून):
– वर्षाचे ९,६०० डॉलर: ८,६४,००० रुपये
– जोडणी, ३० तास: १८,००० रुपये
– सफाई आणि वाचन: १,४८,८०० रुपये
– एकूण: १०,३०,८०० रुपये, जीएसटी वेगळा

सफाई आणि वाचनाची ओळ तिन्ही मार्गांत तीच आहे. टूल कितीही महाग घेतले तरी ती पुसली जात नाही. आकडे वाचायला माणूस नेमायचा नसेल तर तिसऱ्या मार्गातले साडेआठ लाख भिंतीवरच्या पडद्यापुरतेच उरतात.

आता या तिन्हींत न धरलेला खर्च. समजा, टूलला माहिती हवी म्हणून प्रत्येकाला रोज फक्त दहा मिनिटे जादा नोंदी कराव्या लागल्या. चाळीस माणसे, २५० दिवस: १,६६७ तास, म्हणजे दहा लाख रुपये. सबस्क्रिप्शनपेक्षा हा आकडा मोठा आहे. नासाच्या मोजमाप मार्गदर्शिकेत विकासकांवरचा माहिती देण्याचा भार कामाच्या दोन टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे धोरण होते. आठ तासांतली दहा मिनिटे म्हणजे जवळपास तेवढेच. ही वरची मर्यादा समजा. जे टूल तिकिटांच्या आणि कोडच्या नोंदींतून स्वतःच माहिती उचलते, ते माणशी चार डॉलर महाग असले तरी शेवटी स्वस्त पडते.

एक्सेलवर होणारे काम

१९२४ साली बेल समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. ती कारखान्यासाठी होती, पण बगच्या दुरुस्तीलाही चालते. करून पाहा.

दहा आठवड्यांत बग दुरुस्त व्हायला लागलेले दिवस असे आहेत: ६, ८, ५, ९, ७, ६, ८, ७, १०, ६. सरासरी ७.२. आता लागोपाठच्या दोन आठवड्यांतला फरक काढा: २, ३, ४, २, १, २, १, ३, ४. यांची सरासरी साधारण २.४४. तिला २.६६ ने गुणा, ६.५ येतात. सरासरीत हे मिळवा आणि वजा करा: वरची मर्यादा १३.७, खालची ०.७.

पुढच्या आठवड्यात ११ दिवस लागले तर मीटिंग बोलावू नका. तुमची प्रक्रिया आज जशी आहे तशी ती एवढी हेलकावणारच. १६ लागले तर त्या आठवड्यात वेगळे काय घडले ते शोधा. सरासरी ७.२ हीच ग्राहकाला जास्त वाटत असेल तर एखाद्या आठवड्यावरून कोणाला बोलून उपयोग नाही, प्रक्रियाच बदलावी लागेल. हा फरक समजला तर अनेक सोमवारच्या मीटिंगा वाचतात. आणि डेमोच्या वेळी विक्रेत्याला एक नेमका प्रश्न विचारता येतो: "तुमचा आलेख नेहमीचा हेलकावा आणि खरा बिघाड वेगळे दाखवतो का, की आकडा वर गेला की लाल रंग एवढेच?"

कोटेशनमधल्या फटी

*मोजण्याचे एकक.* गिटहबची 'टीम' योजना २०२५ मध्ये माणशी दरमहा ४ डॉलर होती, गिटलॅबची 'प्रीमियम' २९ डॉलर. कोडची गुणवत्ता तपासणाऱ्या सोनारक्यूबची मूळ आवृत्ती फुकट आहे. वरच्या आवृत्त्यांचा दर कोडच्या ओळींवर ठरतो. माणसे तेवढीच राहिली तरी कोड वाढला की बिल वाढते. 'सीट' म्हणजे कोण, हे स्पष्ट करून घ्या: फक्त कोड लिहिणारे, की डॅशबोर्ड पाहणारे मॅनेजर आणि ग्राहकही?

*फुकट योजनेची कड.* जिरा दहा जणांपर्यंत फुकट आहे. अकरावा माणूस आला की त्या एकट्याचे पैसे भरून भागत नाही, अकराही जणांचे भरावे लागतात.

*सुविधा कोणत्या योजनेत.* डोरा मोजमापे हवी म्हणून गिटलॅबची मधली योजना घेतली तर हिरमोड होईल; ती 'अल्टिमेट' या वरच्या योजनेत आहेत. तुमच्या कागदावरचे तीन प्रश्न विक्रेत्याला पाठवा आणि प्रत्येकाचे उत्तर कोणत्या योजनेत मिळते ते ईमेलवर लिहून मागा.

*वर्षाचे पैसे आगाऊ.* दर महिन्याचा सांगितला जातो, वसुली अनेकदा वर्षाची एकदम होते. कराराचे नूतनीकरण आपोआप होते का आणि नको असल्यास किती दिवस आधी कळवायचे, ते पाहून तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

*जीएसटी.* नोंदणीकृत कंपनीने परदेशी विक्रेत्याकडून सेवा घेतली तर १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो. वरच्या उदाहरणात ८,६४,००० रुपयांवर १,५५,५२० रुपये. पात्र कंपनीला त्याचे क्रेडिट मिळते, पण आधी रोख भरावे लागते, म्हणून त्या महिन्याची तरतूद ठेवा. भारतीय सल्लागाराच्या शुल्कातून टीडीएस कापण्याचा प्रश्न येतो. परदेशी पेमेंटबाबतही पहिल्या बिलाआधीच सीएला विचारा.

*कार्डावरचा अधिभार.* कंपनीच्या क्रेडिट कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरले तर बँक विनिमयावर वेगळा आकार लावते. रुपयात बिल देणारा भारतीय वितरक असेल तर त्याचेही कोटेशन घ्या.

'लेव्हल'चा खर्च वेगळा

मोठा ग्राहक किंवा सरकारी निविदा सीएमएमआय या प्रक्रिया-परिपक्वतेच्या मॉडेलची लेव्हल मागते, तेव्हा मोजमापाचा विषय अचानक तातडीचा होतो. हे मॉडेल कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधल्या कामातून आले. २०१६ पासून ते आयसाका या संस्थेकडे आहे आणि तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. चौथ्या आणि पाचव्या लेव्हलला स्वतःच्या जुन्या आकड्यांवर आधारलेली कामगिरीची पायाभूत पातळी आणि पुढचा अंदाज सांगणारी गणिते लागतात. ती आकडे जमल्याशिवाय उभी राहत नाहीत. कोणतेही टूल मागचे वर्ष विकत आणून देत नाही.

खर्चाचे भाग असे: प्रशिक्षण, सल्लागार, अधिकृत मुख्य मूल्यमापकाचे शुल्क, मूल्यमापनात बसणाऱ्या तुमच्या माणसांचे दिवस आणि तीन वर्षांनी पुन्हा तेच, कारण निकालाची मुदत तीन वर्षे असते. तीन कोटेशने घ्या आणि हे पाचही भाग वेगवेगळे मांडायला लावा. "महिनाभरात लेव्हल तीनचे सर्टिफिकेट" देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मूल्यमापकाला अधिकार आहे का आणि झालेल्या मूल्यमापनांचे निकाल प्रसिद्ध आहेत का, हे सीएमएमआयच्या संकेतस्थळावर तपासता येते. ग्राहकच मागत नसेल तर हा खर्च आज करू नका.

सही करण्याआधी

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक कारणासाठी केलेली खरेदी 'ग्राहक' या व्याख्येबाहेर ठेवली आहे. अपवाद आहे तो फक्त पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याचा. चाळीस माणसांच्या कंपनीला ग्राहक आयोगाचे दार सहसा उघडत नाही. करार हेच तुमचे संरक्षण. म्हणून हे मुद्दे लेखी हवेत:

– स्वतःच्या माहितीवर, किमान महिनाभर चाचणी. नमुन्याच्या माहितीवरचा डेमो मोजू नका.
– सोडताना सगळी माहिती, निदाने आणि तुम्ही घातलेले नियम वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळणे.
– पुढच्या वर्षीच्या दरवाढीची कमाल मर्यादा.
– वर्षाच्या मध्ये सीट कमी करता येतात का.
– टूल कोड वाचते की फक्त नोंदी. माहिती कोणत्या देशात राहते. ती विक्रेत्याच्या एआयला शिकवायला वापरली जाते का. तुमच्या ग्राहकाशी झालेला गोपनीयतेचा करार आधी वाचा.

आणखी एक गोष्ट. ही टूल्स माणसागणिक आकडेही दाखवतात. विकासकाचे नाव आणि त्याच्या कामाच्या नोंदी ही वैयक्तिक माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घेऊन टीमला आधी सांगा की काय गोळा होते आणि कशासाठी. हे आकडे पगारवाढीला जोडले की तिकिटे तुकड्यांत फोडली जातात, बगची नोंदच होत नाही, आणि पैसे मोजून घेतलेली माहिती खोटी होते. माणसांची क्रमवारी बंद करून टीमपुरते आकडे दाखवण्याची सोय आहे का, ते चाचणीतच पाहा.

किती खर्च करावा

वीस माणसांपर्यंत: परवान्यावर एक रुपयाही नको. एक्सेल, नियमवही आणि आठवड्याला चार तास देणारा, नाव ठरवलेला एक माणूस.

वीस ते शंभर: सहा महिने एक्सेलवर काढा. तीनपैकी दोन प्रश्नांवरून काही निर्णय झाले असतील आणि हाताने माहिती गोळा करणे जड जात असेल तर मुक्तस्रोत टूल उभारा. ते सांभाळायला माणूस नसेल तरच सबस्क्रिप्शन.

शंभराच्या पुढे, अनेक टीम आणि अनेक ग्राहक: ज्ञानाधारित टूलचा विचार इथे रास्त ठरतो, कारण एका टीमचा अनुभव दुसरीला आपोआप पोचत नाही. तरीही एका टीमवर तीन महिने चालवा. त्या काळात टूलने दिलेली निदाने मोजा आणि त्यांतली किती टीमला आधी ठाऊक नव्हती, किती खरी निघाली, हे लिहून ठेवा. दरवर्षी नूतनीकरणाच्या तारखेआधी हीच यादी काढा. मागच्या बारा महिन्यांत तिच्यावरून एकही निर्णय झाला नसेल तर सबस्क्रिप्शन बंद करा.